राणीचे राज्य आणि गरिबाचे छप्पर

(नागभीड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्हिक्टोरिया राणीचा काळ इतिहासाच्या पुस्तकांतून येतो तो आगगाडी, तारायंत्र, विद्यापीठे आणि दरबार यांच्या रूपाने. परंतु ज्या हातांनी आगगाडीचे रूळ अंथरले, गिरणीतील चात्या फिरवल्या आणि गुडघाभर चिखलात उभे राहून धानाची रोवणी केली, त्या हातांचे धनी रात्री कोठे झोपत होते, त्यांच्या डोक्यावरील छप्पर कशाचे होते आणि त्या छपराखालची जमीन कोणाची होती, हा प्रश्न त्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो. घर ही खाजगी बाब आहे अशी एक समजूत रूढ आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती खरी नाही. मजुरी, भाडे, कर्ज, जमिनीची मालकी आणि राज्यसत्तेचा कायदा या साऱ्यांचा हिशेब अखेर माणसाच्या घरात येऊन थांबतो. म्हणून एखाद्या राज्यव्यवस्थेची परीक्षा करावयाची असेल तर तिच्या राजवाड्यांपेक्षा तिच्या झोपड्या अधिक खरे बोलतात.

राणी गादीवर आली ती २० जून १८३७ रोजी आणि मरण पावली २२ जानेवारी १९०१ रोजी. नागभीड मात्र या साऱ्या काळात तिच्या सत्तेखाली नव्हते. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, त्याचे निमित्त करून डलहौसीने राज्य खालसा केले आणि १८५४ पासून चांदा जिल्ह्यासह हा मुलूख कंपनीच्या व पुढे १८५८ पासून राणीच्या अमलाखाली गेला. म्हणजे झाडीपट्टीचा व्हिक्टोरिया काळ अवघा सत्तेचाळीस वर्षांचा. ज्या छोट्या आगगाडीमुळे नागभीडचे नाव नागपूरपासून चांद्यापर्यंत सर्वांच्या तोंडी झाले, ती १९०८ मध्ये आली. राणीने ती पाहिली नाही आणि राणीच्या काळातील नागभीडकरानेही पाहिली नाही. बैलगाडीची वाट, पायवाट आणि जंगल एवढेच त्याचे जग होते. तरीही सात समुद्रांपलीकडच्या कारभाराने त्याच्या घराच्या कुडाला हात घातला. तो कसा, हे पाहणे हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

राणीच्या घरचे गरीब

आरंभ राणीच्या स्वतःच्या देशापासून करणे न्याय्य ठरेल, कारण तेथील गरिबाचेही राणीने सोने केले नव्हते. १८४२ मध्ये एडविन चॅडविक यांनी इंग्लंडमधील श्रमिकांच्या आरोग्यमानावर जो अहवाल सादर केला, त्यात मँचेस्टरच्या मजूरवर्गाचे मृत्यूसमयीचे सरासरी वय १७ वर्षे दिले आहे. त्याच मँचेस्टरमधील सुखवस्तू वर्गाचे सरासरी वय ३८ होते. रटलंड या शेतीप्रधान परगण्यातील मजूरही ३८ वर्षांपर्यंत पोहोचत होता. एकाच शहरातील दोन वर्गांच्या आयुष्यात एकवीस वर्षांचे अंतर होते, आणि ते मुख्यतः राहत्या जागेने, गटारांनी आणि पाण्याने निर्माण केले होते. तळघरांतील ओलसर खोल्या, पाठीला पाठ लावून बांधलेली व मागील बाजूस खिडकीच नसलेली घरे, शंभर माणसांना एक शौचकूप, असे त्या नगरीचे रूप होते. तरुण फ्रीडरिश एंगेल्स यांनी याच मँचेस्टरच्या गल्ल्या पायी हिंडून पाहिल्या आणि १८४५ मध्ये इंग्लंडमधील श्रमिकवर्गाच्या स्थितीवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

ज्याला एक खोलीही परवडत नसे, तो लंडनमध्ये रात्रीपुरते भाडे देऊन सामायिक निवासगृहात खाट धरी. या निवासगृहांतील गर्दी व घाण इतकी वाढली की लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नाने १८५१ मध्ये त्यांच्या नोंदणीचा व तपासणीचा कायदा करावा लागला. खाटही ज्याला परवडेना त्याच्यासाठी अनाथालयवजा ‘वर्कहाऊस’ होते. १८३४ च्या कायद्याने त्याचे तत्त्वच असे घालून दिले होते की, आत मिळणारे जिणे बाहेरच्या सर्वात गरीब मजुराच्या जिण्यापेक्षा कमी प्रतीचे असले पाहिजे. दयेलाही शिक्षेचे रूप देण्याची ही रीत होती.

पुढे सुधारणा झाल्या, हे मान्य केले पाहिजे. १८८४-८५ मध्ये श्रमिकांच्या घरांसंबंधी राजनियुक्त आयोग नेमला गेला, त्यावर खुद्द युवराज सभासद होते. १८९० मध्ये गृहनिर्माणाचा कायदा झाला. त्या कायद्याखाली लंडनच्या नगरसंस्थेने बाउंडरी स्ट्रीट येथील जुनी वस्ती पाडून नवी, हवेशीर इमारतींची वसाहत उभारली आणि १९०० मध्ये तिचे थाटात उद्घाटन झाले. परंतु जुन्या वस्तीतून उठवलेल्या सुमारे ५,७०० माणसांपैकी अवघी ११ माणसे नव्या घरांत राहावयास आली, असे तेथील नोंदी सांगतात. बाकीच्यांना भाडे परवडण्यासारखे नव्हते. ती शेजारच्या गल्लीत गेली आणि तेथे गर्दी करून राहिली. घर पाडणे म्हणजे दारिद्र्य हटविणे नव्हे, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

झाडीतील घर

आता झाडीपट्टीकडे वळावे. त्या काळातील सामान्य कास्तकाराचे घर म्हणजे बांबूच्या कांबट्यांचा कुड, त्यावर माती व शेण यांचा लेप, साजा-धावड्याच्या वा मिळेल त्या लाकडाचे खांब आणि वर गवताचे किंवा तणसाचे छप्पर. हात थोडा सैल झाला तर कवेलू येत. समोर ओसरी, आत एक अंधारी खोली, बाजूला गुरांचा कोठा, मागे सांदवाडी. खोलीतच चूल आणि तेथेच धानाची ढोली. खिडकी बहुधा नसेच. चुलीचा धूर छपरातून झिरपत बाहेर जाई. त्याने डोळे जात, पण डास आणि वाळवीही दूर राहत. रात्रीचा उजेड म्हणजे जवसाच्या किंवा मोहाच्या बियांच्या तेलाचा दिवा, आणि तोही जेवण होईपर्यंतच.

भूमिहीन मजुराचे घर याहून लहान, म्हणजे एकच खण. सालदाराला तेवढेही नसे. वर्षभराच्या करारावर राबणारा हा माणूस धन्याच्या कोठ्यात, बैलांच्या शेजारी रात्र काढी. त्याची मजुरी मुख्यतः धानात मिळे. मुलाच्या लग्नासाठी घेतलेले कर्ज फिटेपर्यंत साल संपत नसे आणि साल संपेपर्यंत कर्ज फिटत नसे. अशा माणसाच्या बाबतीत नोकरी, कर्ज आणि निवारा या तीन गोष्टी एकाच खुंटीला बांधलेल्या होत्या. एक सोडली की तिन्ही सुटत.

या घराचा खरा आधार बाईचे श्रम होते. कुड दरवर्षी पावसाळ्यानंतर लिंपावा लागे, अंगण रोज सारवावे लागे, धान मुसळाने कांडावे लागे, पाणी बोडीवरून वा विहिरीवरून डोक्यावर आणावे लागे. दिवसभराच्या रोवणीनंतर हे सारे. त्या श्रमाला कोणत्याही वहीत मजुरी लागली नाही. प्रांताच्या उत्पन्नाच्या एकाही आकड्यात तो मोजला गेला नाही. वस्तुतः मातीचे घर हे एकदा बांधून होणारे घर नव्हतेच. ते बाईने दरवर्षी नव्याने उभे करावयाचे घर होते.

घराची जागाही जातीने ठरवलेली होती. गावाच्या मध्यभागी मालगुजाराचा वाडा, त्याभोवती कुणबी, कोहळी, तेली यांची घरे, तलावाच्या बाजूस ढिवरांची वस्ती, रानाच्या कडेस गोंड व माना, आणि साऱ्यांपासून वेगळा महारवाडा. त्याची विहीर वेगळी, वाट वेगळी. गरिबी सर्वांच्या वाट्याला आली तरी ती सारख्या मापाने आली नाही, हे विसरून चालणार नाही. अस्पृश्य गणलेल्या माणसाला छप्पर मिळाले तरी शेजार मिळत नव्हता.

आणि तरी महारवाड्यातील व कोष्ट्यांच्या आळीतील घर हे नुसते राहते घर नव्हते, तो कारखाना होता. घरात मागाचा खड्डा खणलेला असे. पुरुष मागावर बसे, बाई सूत भरी, पोरे कांड्या गुंडाळीत. विदर्भातील महार समाज जाडेभरडे कापड विणण्यात वाकबगार होता, कोष्टी तलम व किनारीचे कापड विणीत. लँकेशायरचे आणि पुढे देशी गिरण्यांचे कापड बाजारात उतरले तेव्हा या घरांतील माग थांबले. एका बाजूने पाहता ही यंत्रयुगाची अपरिहार्य प्रक्रिया म्हणता येईल. परंतु राज्यकर्त्यांनी आपल्या गिरण्यांच्या सोयीने जकातीचे धोरण आखले, त्यामुळे या विणकरांना सावरण्यास अवधीच मिळाला नाही. ज्या घरात माग होता त्या घरात रिकामा खड्डा उरला, आणि कारागीर रोजंदारीचा मजूर झाला.

जमीन कोणाची, लाकूड कोणाचे

कापसाच्या बाजारापेक्षाही खोलवर परिणाम केला तो दोन कायदेशीर व्यवस्थांनी. पहिली मालगुजारीची. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील वा मालगुजार हा महसूल गोळा करणारा होता. गाव त्याच्या मालकीचे नव्हते. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला आणि त्या दशकातील बंदोबस्तात इंग्रजांनी या महसूल गोळा करणाऱ्यांना गावाचे मालक बनवले. इंग्लंडमधील जमीनदाराची प्रतिमा त्यांच्या डोळ्यांपुढे होती. शेतजमीन, पडीत, तलाव आणि गावठाण या साऱ्यांवर मालगुजाराची मालकी कागदोपत्री उमटली. झाडीतील तलाव पिढ्यान्पिढ्या कोहळ्यांनी व इतरांनी घाम गाळून बांधले होते. तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याची चांद्याच्या गोंड राजांची रीत होती, तिची खूण ‘तुकूम’ या गावनावांत अजून शिल्लक आहे. त्या श्रमाचा मालक नव्या कागदाने बदलून टाकला.

गावठाणाच्या बाबतीत सर्वसाधारण रीत अशी होती की, गावात शेती करणाऱ्याला घरासाठी जागा विनामूल्य मिळावी. परंतु ती त्याला गावचा कास्तकार म्हणून मिळे, मालक म्हणून नव्हे. त्याने गाव सोडले तर खांब, कवेलू, दरवाजा हे त्याचे, जागा मालगुजाराची. मजुराची व कारागिराची अवस्था याहून कच्ची होती. ज्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, तो वेठीला नाही कसे म्हणणार? मालगुजाराच्या शेतावर फुकट नांगर, त्याच्या घरच्या लग्नात फुकट लाकूड आणि त्याच्या पाहुण्यांसाठी फुकट ओझी वाहणे, हे सारे भाडेच होते. फक्त त्याला भाडे म्हणत नसत.

दुसरी व्यवस्था जंगलाची. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी आणि त्याआधीच्या बंदोबस्ताने गावाच्या वाट्याला काही पडीत सोडून उरलेले रान सरकारने आपल्या नावावर केले. आलापल्ली-अहेरीकडचे सागवान प्रसिद्धच होते. वाढत्या रेल्वेला स्लीपर हवे होते आणि सरकारला महसूल. ज्या बांबूचा कुड, ज्या गवताचे छप्पर आणि ज्या लाकडाचा खांब, ते सारे रानातून येत होते. काल जे हक्काने आणले जाई त्यासाठी आज परवाना, फी आणि रानरक्षकाची मर्जी लागू लागली. मालगुजारी जंगलात ‘निस्तार’ म्हणून गावकऱ्यांच्या गरजेपुरते लाकूडफाटा, गवत, चराई यांचे हक्क मान्य झाले आणि बंदोबस्ताच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात गावोगावच्या रिवाजांसह नोंदले गेले. ही नोंद ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

उन्हाळ्यात गवताच्या छपराला ठिणगी लागली की वाऱ्याबरोबर आळीच्या आळी पेटत जाई. पूर्वी अशा वेळी सारे गाव रानात जाई आणि आठवडाभरात घरे उभी राहत. आता जळालेल्या घराचा खांब आणावयाचा तर तोही गुन्हा ठरण्याचा संभव होता. व्हिक्टोरिया काळाने झाडीतील गरिबाचे घर पाडले नाही. त्याने ते घर बांधण्याचा अधिकार काढून घेतला. यातील फरक सूक्ष्म आहे, पण परिणाम दीर्घकाळ टिकणारा आहे.

वीस रुपये आणि दोन दुष्काळ

दादाभाई नौरोजी यांनी १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर जो निबंध वाचला, त्यात १८६७ ते १८७० च्या सरकारी आकड्यांवरून दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले होते. त्यांनी त्याची तुलना तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार करीत असलेल्या खर्चाशी केली आणि दाखवून दिले की, प्रामाणिक रयतेचे सरासरी उत्पन्न कैद्याच्या पोटापेक्षाही कमी आहे. त्यातही सरासरीत मालगुजार, सावकार व अधिकारी यांचे उत्पन्न मिसळलेले. सालदाराच्या वाट्याला काय आले असेल याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

अशा घराला दुष्काळ सोसण्याची ताकद कोठून असणार? १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्यप्रांतावर कोसळले. प्रथम भांडी बाजारात गेली, मग बैल, मग माणसे स्वतः मदतकामांवर गेली. खडी फोडणे, सडका करणे, तलावांची माती काढणे अशी कामे होती आणि राहणे कामाच्या जागी उभारलेल्या छपऱ्यांत. तेथे पटकीने माणसे मेली. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत मध्यप्रांताच्या ब्रिटिश मुलखाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८ लाखांवरून ९९ लाखांच्याही खाली आली. म्हणजे सुमारे नऊ लाखांची घट, आणि ही नैसर्गिक वाढ हिशेबात न धरता. राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव १८९७ मध्ये साजरा झाला, त्याच वर्षी.

गाव सोडून गेलेला माणूस

गाव सोडणाऱ्याला दोन-तीन वाटा होत्या. एक वरोऱ्याच्या सरकारी कोळसाखाणीची, जी त्या शतकाच्या सत्तरीत सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. दुसरी नागपूरच्या एम्प्रेस मिलची. जमशेटजी टाटांच्या या गिरणीचे उद्घाटन १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे दिल्लीत व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले त्याच दिवशी झाले. गिरणीचे नावही त्यावरूनच पडले. ज्यांचे हातमाग थांबले होते त्या कोष्टी व महार घरांतील माणसे पुढे याच गिरणीच्या दारात उभी राहिली. विणकर तोच, पण आता माग त्याचा नव्हता आणि मागाला घरही नव्हते.

या गिरणीजीवनाचे सर्वात मोठे रूप मात्र मुंबईत दिसले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला चाक फिरले आणि रत्नागिरी-साताऱ्याकडील माणसांचा ओघ सुरू झाला. १८७२ मध्ये मुंबईची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४४ हजार होती, ती १८९१ मध्ये ८ लाख २१ हजारांवर गेली. त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या त्या चाळी. लांबच लांब व्हरांडा, त्यावर उघडणाऱ्या एकेका खोलीच्या रांगा, मजल्यावर सामायिक नळ व मोरी, आणि टोपल्यांचे शौचकूप. एका खोलीत एक कुटुंब हा चैनीचा प्रकार. बहुधा एका गावचे आठ-दहा पुरुष मिळून गाळा घेत, ट्रंका भिंतीशी रचीत, जेवण खाणावळवाल्या बाईकडे ठरवीत आणि झोपण्यासाठी पाळीपाळीने व्हरांडा, गच्ची वा पदपथ धरीत. १९११ च्या शिरगणतीतही मुंबईच्या दोनतृतीयांशाहून अधिक माणसे एकखोलीत राहत होती, यावरून आधीची कल्पना यावी.

खोली मिळवून देणारा, नोकरी लावणारा आणि उसने देणारा बहुधा एकच असे, तो म्हणजे जॉबर. मालगुजाराच्या गावठाणात जी खुंटी होती तीच गिरणगावात नव्या रूपाने आली होती. गाव बदलले, बंधन बदलले नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी या वर्गाची पहिली संघटना बांधली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे सभा भरवून त्यांनी ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर आणि अपघातात भरपाई, या त्यातील मागण्या. वरवर पाहता यात घराचा उल्लेख नाही. पण घरात राहावयास वेळ लागतो. जो पहाटे काळोखात निघतो आणि रात्री काळोखात परततो, त्याला खोली आहे काय नि नाही काय, सारखेच. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली तेव्हा गिरणी कामगाराला आठवड्यातून एक दिवस घर मिळाले, असेच म्हणावयास हवे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि चाळींची सारी कथा जगापुढे उघडी पडली. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना कोणाच्याही घरात शिरण्याचा, माणसे हलविण्याचा, घरे पाडण्याचा अधिकार दिला. हवा व ऊन आत यावे म्हणून कौले काढली गेली, भिंतींवर चुना मारला गेला, दारांवर खुणा केल्या गेल्या. लोखंडे याच साथीत फेब्रुवारी १८९७ मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले पुण्यात गेल्या. १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा मंडळ स्थापन झाले. त्याने रस्ते रुंद केले, हवा आणली, परंतु पहिल्या दशकात जेवढ्यांना उठवले त्या मानाने फारच थोड्यांना घर दिले. बाउंडरी स्ट्रीटचाच खेळ नागपाड्यात झाला.

कागद आणि कुड

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात राणीचा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट याचा सत्कार होता. जोतीराव फुले तेथे शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले आणि त्यांनी त्या राजपुत्राला बजावले की, येथे जमलेले दागदागिन्यांतील लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत पाहावयाची तर खेड्यांत जा. राजपुत्राने झाडीतील कुडाचे घर काही पाहिले नाही. परंतु आज ते पाहण्याची जबाबदारी कार्यकर्त्यांवर आहे, कारण तो प्रश्न संपलेला नाही.

मालगुजारी १९५० च्या कायद्याने रद्द होऊन १९५१ मध्ये संपली आणि गावठाणातील घरे ज्याची त्याच्याकडे कायम झाली. ही मोठी गोष्ट झाली. परंतु गाव वाढले, गावठाण वाढले नाही. गावठाणाबाहेर सरकारी वा वनजमिनीवर ज्यांनी कुड घातला ते ‘अतिक्रमक’ ठरले. आज घरकुलाचे अनुदान आहे, सिमेंट आहे, पत्रे आहेत. पण त्याआधी जागेचा कागद हवा. ज्याच्याकडे कागद नाही त्याला घरकुलाच्या यादीत नाव असूनही वाट पाहावी लागते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरील राहते घर व शेती यांचा हक्क मान्य केला. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. परंतु ढिवर, दलित, कुणबी, गोवारी अशा इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. येथे गरिबाची गाठ पुन्हा राणीच्या काळाशी पडते. ज्या राज्याने गरिबाच्या घराची नोंद कधी ठेवली नाही, त्याच राज्याचा वारसदार आता गरिबाकडे नोंद मागतो. कुडाच्या भिंतीला कागद नसतो. दर पावसाळ्यानंतर ती नवी होते आणि जुन्याची खूण उरत नाही.

तथापि हतबल होण्याचे कारण नाही. याच कायद्याच्या नियमांनी पुरावा म्हणून शिरगणती, गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल व नकाशे ग्राह्य धरले आहेत. घर, झोपडी, बांधबंदिस्ती, जुन्या विहिरी, स्मशानभूमी, देवस्थान यांसारख्या खुणा ग्राह्य धरल्या आहेत. आणि गावातील वृद्धांचे लेखी निवेदनही ग्राह्य धरले आहे. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक यांच्या नकला महसूल कार्यालयांतून मागता येतात. त्यांत कोणत्या गावाला कोणत्या रानातून खांब, बांबू, गवत आणण्याचा रिवाज होता हे लिहिलेले असते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपल्या बांबूवर आपला अधिकार प्रस्थापित केला, तो ग्रामसभेने अभ्यास करून. परक्या राज्यकर्त्याने आपल्या सोयीसाठी लिहून ठेवलेला कागद गरिबाच्या बाजूने उभा करता येतो, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

दुसरीही एक गोष्ट. दर हिवाळ्याच्या अखेरीस चंद्रपूर-गडचिरोलीकडील हजारो बायापुरुष मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात आणि शेताच्या बांधावर ताडपत्रीच्या छपराखाली महिना-दोन महिने काढतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा यांतील अनेकजण तेथेच अडकले, कित्येकजण रानवाटांनी चालत परतले. त्या टाळेबंदीसाठी महाराष्ट्रात जो साथरोग कायदा वापरला गेला, तो १८९७ चाच होता. त्या कायद्याला घरात कोंडून ठेवणे ठाऊक होते. ज्याला घरच नाही त्याने कोठे कोंडून घ्यावे, हे त्या कायद्यात तेव्हाही नव्हते आणि एकशे तेवीस वर्षांनंतरही नव्हते.

म्हणून या व्याख्यानाचा शेवट एका कामाने व्हावा हे उचित. प्रत्येक गावातील कार्यकर्त्यांनी चार गोष्टी कराव्यात. गावच्या वाजिब-उल-अर्जाची व निस्तारपत्रकाची नक्कल मिळवून ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. गावठाणाबाहेरील प्रत्येक घराची, ते कोणी, केव्हा आणि कोठून लाकूड आणून बांधले याची यादी करावी. गावातील वृद्धांची, विशेषतः वृद्ध स्त्रियांची निवेदने त्या हयात आहेत तोवर लिहून घ्यावीत, कारण कुड कोणत्या वर्षी कोठे लिंपला हे त्यांच्याइतके कोणालाच आठवत नाही. आणि मिरचीला जाणाऱ्या टोळ्यांची, त्यांच्या राहण्याच्या जागेसह, नोंद ठेवावी. हे काम सभेइतके गाजणारे नाही, मोर्चाइतके दिसणारे नाही. परंतु ज्या घराची नोंद कोणत्याही राणीने वा सरकारने ठेवली नाही, त्याची नोंद ठेवण्यापासूनच त्या घराचा हक्क सुरू होतो.